संभाजीनगरातला कोरिया

अक्षता चार आठवडे परदेशात होती, हे खरं. पण परत आल्यावर पुढचे सहा-सात आठवडेही ती परदेशातच होती आणि तेव्हा राहत होती संभाजीनगरला. ऐकून तुमच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. माझ्याही पडल्या होत्या, म्हणून पहिल्यापासून सांगते.

मी वडीगोद्रीच्या शाळेत बरीच वर्षं शिकवलं. अक्षता सातवीत माझ्या वर्गात होती. वर्गात हात वर करायची नाही, पण तास संपला की दाराशी येऊन उभी राहायची आणि असा प्रश्न विचारायची की मला चहा सोडून पुन्हा पुस्तक उघडावं लागायचं. पुढे माझी बदली भोकरदनला झाली. त्यामुळे आता सांगणार आहे त्यातलं काहीच मी स्वतः पाहिलेलं नाही. काही अक्षतानं सांगितलं, काही तिच्या आईनं, आणि उरलेलं गावानं. गावातला प्रत्येक माणूस सांगताना स्वतःला तेवढं वगळून सांगत होता, ही गंमत वेगळी. आज अक्षता जालन्याला बियाण्यांच्या एका कंपनीत नोकरी करते, बरं चाललंय तिचं. तरी हे सगळं आठवलं की माझं डोकं फिरतं आणि मी ते लपवणार नाही.

तिचे वडील संपत अंकुशनगरच्या साखर कारखान्यात काट्यावर कामाला आहेत. उसाच्या ट्रॉल्या काट्यावर येतात, संपत वजन सांगतो, आणि त्याच्या वजनावरून कुणी भांडलेलं मी तरी ऐकलं नाही. सरळ माणूस, बोलणं कमी. आई कांताबाई दुसऱ्याच्या रानात मजुरीला जाते, आणि घरातलं सगळं बोलणं तिच्या वाट्याला आलेलं आहे. थोरली मुलगी प्रिया अंबडला एका दवाखान्यात नर्स. धाकटी अक्षता संभाजीनगरला हॉस्टेलवर राहून एम.कॉम. करत होती. तिथंच कॉलेजच्या बोर्डावर एक सूचना लागली. दक्षिण कोरियातल्या एका विद्यापीठाचा उन्हाळी कार्यक्रम, विषय ‘व्यवसाय आणि संस्कृती’, मुदत चार आठवडे, निवड झाली तर सगळा खर्च त्यांचा. अक्षतानं अर्ज केला आणि तिची निवड झाली. तिनं घरी फोन करून नीट सांगितलं, “चार आठवडे हायेत पप्पा. जुलैत जायचं न ऑगस्ट लागताना परत.” संपतला ते तेव्हाच बराबर कळलं होतं. पुढं काही जण म्हणाले, त्याला समजलंच नसेल. तसं अजिबात नाही.

घोटाळा सुरू झाला फ्लेक्सपासून. आमच्या भागात फ्लेक्स लागल्याशिवाय माणूस जन्माला आला असं धरतच नाहीत. अक्षताचा चुलतभाऊ नागसेन वस्तीतल्या मित्रमंडळाचा अध्यक्ष. त्यानं हायवेच्या कडेला चांगला दहा फुटी फ्लेक्स लावला. ‘वडीगोद्रीची कन्या उच्च शिक्षणासाठी कोरियाला रवाना! हार्दिक अभिनंदन!’ मधे अक्षताचा पासपोर्टचा फोटो, इतका मोठा केलेला की तिला तिचीच ओळख पटेना. एका बाजूला विमान, दुसऱ्या बाजूला पॅरिसचा मनोरा. अक्षता म्हणाली, “अरे हा मनोरा कोरियात नाही.” नागसेन म्हणाला, “परदेशातच हाय ना?” मग ती म्हणाली, “निदान चार आठवडे तरी लिही.” त्यावर त्यानं तिच्याकडं असं पाहिलं की जशी तीच अडाणी. “चार आठवडे लिव्हलं तर लोकाला वाटंल शिबिराला चालली, ताई.”

मग निरोप समारंभ ठरला. बुद्धविहारासमोर मांडव टाकला, खुर्च्या आल्या, माईक आला. आणि वरच्या आळीतून रखमाजी आबा आले. गावातलं जुनं, मोठ्या जमिनीचं घर त्यांचं. वस्तीत त्यांचं पाऊल दोनच कारणांनी पडायचं, निवडणूक आणि मयत. त्या दिवशी ते पहिल्या रांगेत बसले आणि कांताबाईनं केलेला चहा प्याले. वर म्हणाले, “आजून आसंल तर घाला कपभर.” यात काय एवढं, असं कुणाला वाटलं तर त्यानं संपतला विचारावं. त्याच्या बापासाठी रखमाजींच्या अंगणात फुटक्या कानाचा कप वेगळा ठेवलेला असायचा, आणि तो धुऊन पालथा घालून ठेवायचं काम लहानपणी संपतकडं होतं.

भाषणं सुरू झाली. उचलली जीभ लावली टाळ्याला. एक म्हणाला, अक्षता आता तिकडंच मोठ्या कंपनीत साहेब होणार. दुसरा म्हणाला, दोन-तीन वर्षांनी येईल तेव्हा आपल्याशी इंग्रजीत बोलेल. तिसऱ्यानं तर तिच्या हाताखाली गावातली दहा पोरं नोकरीला लावूनही टाकली. अक्षता स्टेजवर शाल अंगावर घेऊन घामाघूम होत होती. शेवटी संपतला माईक दिला. तो उभा राहिला. चार आठवड्यांचा कोर्स आहे, हे सांगायचं तो घरून ठरवून आला होता. समोर रखमाजी आबा बसलेले, हातात दुसरा कप. संपत म्हणाला, “तुमचे आशीर्वाद ऱ्हाऊ द्या,” आणि खाली बसला.

अक्षताचं विद्यापीठ समुद्राकाठच्या एका शहरात होतं, डोंगराच्या उतारावर. खोलीतली दुसरी मुलगी उझबेकिस्तानची, कानात कायम इयरफोन घालून असायची. सकाळी व्यवसायाचे तास, दुपारी संस्कृतीचे. दुकानात, कचेरीत, जेवताना कसं वागायचं, कार्ड दोन्ही हातांनी कसं द्यायचं, मोठ्यांसमोर पेला कसा धरायचा, हे सगळं शिकवायचे. जहाजाचे दरवाजे करणारा एक कारखाना दाखवला, मासळीचा प्रचंड बाजार दाखवला. अक्षताला शिकायला आवडत होतं. तास संपला की तिथंही ती दाराशी जाऊन उभी राहायची.

एकटी मात्र ती होती. भारतातून आलेली आणखी पाच-सहा मुलं होती, सगळी मोठ्या शहरातली. त्यातली एक मुलगी मराठी निघाली तेव्हा अक्षताला इतका आनंद झाला की तिनं तिचा हातच धरला. त्या मुलीनं पहिल्यांदा गाव विचारलं, मग आडनाव विचारलं. अक्षतानं सांगितलं. “अच्छा,” ती म्हणाली. त्यानंतर ती वाईट वागली असं नाही, पण दोघींचं बोलणं ‘जेवलीस का’च्या पुढं कधी गेलं नाही. अक्षता मला म्हणाली, “बाई, कोरियाच्या माणसांना माझं आडनाव कळत नव्हतं, म्हणून त्यांच्यात बरं वाटायचं. पण त्यांना माझं काहीच कळत नव्हतं ना.” संध्याकाळी ती खोलीत पाणी गरम करायची आणि आईनं दिलेलं येसर त्यात कालवून भातावर घ्यायची. भाजलेल्या डाळी-धान्यांचं, मसाल्याचं ते पीठ. गरम पाण्यात पडलं की सगळ्या खोलीला वास. पहिल्या दिवशी उझबेक मुलीनं इयरफोन काढून खिडकी उघडली. आठवडाभरानं तिनं स्वतःची वाटी पुढं केली.

एका रविवारी ती एकटीच तिथल्या बुद्धविहारात गेली. मोठं लाकडी सभागृह, सोनेरी मूर्ती, जमिनीवर जाड गाद्या. कुठं उभं राहायचं, कसं वाकायचं, तिला काही कळेना. तिनं हात जोडले आणि घरी म्हणतात तसं त्रिशरण हळू आवाजात म्हटलं. शेजारी एक म्हातारी पुन्हा पुन्हा खाली वाकून वंदन करत होती. तिनं थांबून ऐकलं, काय समजलं कोण जाणे, आणि आपल्या शेजारची गादी हातानं अक्षताकडं सरकवली. वंदन झाल्यावर म्हातारीनं तिला हाताला धरून जेवणाच्या पंगतीला नेलं, शेजारी बसवलं, वाटीत भात-भाजी वाढली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. अक्षता म्हणते, त्या चार आठवड्यांत तिला दुसऱ्या माणसानं आपण होऊन हात लावला तो तेवढाच.

शेवटच्या आठवड्यात प्रत्येकानं आपल्या गावातल्या एखाद्या धंद्याबद्दल बोलायचं होतं. इतरांनी कंपन्या घेतल्या, ब्रँड घेतले. अक्षतानं फ्लेक्सचा धंदा घेतला. वाढदिवस, निवड, बदली, दशक्रिया, सगळ्याला फ्लेक्स कसा लागतो, कोण खर्च करतं, कुणाचा फोटो कुणाच्या वर लागतो, त्यावरून भांडणं कशी होतात, आणि शेवटी स्वतःचा फोटो पॅरिसच्या मनोऱ्यासकट दाखवला, मांडवातली भाषणंही सांगितली. वर्ग हसून हसून लोळला. सरही हसले. मग त्यांनी विचारलं, “लोक म्हणाले तुम्ही अनेक वर्षांसाठी चाललात, तेव्हा तुमचे वडील काय म्हणाले?” अक्षता हसतच म्हणाली, “काही नाही.” खाली बसल्यावर तिला आपलं ते हसणं बरं वाटलं नाही. मार्क मात्र चांगले पडले.

घरची आठवण रोज यायची, पण तिचं तिला दुःख नव्हतं. परतायची तारीख ठरलेली होती. निघायच्या दोन दिवस आधी संपतचा फोन आला.

“कव्हा निघतीस?”

“शुक्रवारी, पप्पा. शनिवारी संभाजीनगरला उतरते न रविवारी घरी.”

संपतनं आवाज खाली आणला. 

“घरी इतक्यात नको येऊ माय.”

“का? काय झालं?”

“काय न्हाई झालं. सगळं बराबर हाय. पर लोक समजून राह्यले की तू दोन-तीन वर्षं तिकडंच हाईस. आन अशी चार आठवड्यात बॅग घिऊन उतरलीस तर म्हणतेन, नापास झाली, माघारी धाडली. झाकली मूठ हाय, झाकलेलीच ऱ्हाऊ दे. दिवाळीच्या सुट्टीत सगळेच येतेत. तव्हा ये. सुट्टीला आली म्हणू.”

मागून कांताबाईचा आवाज आला, “आपलं लेकरू हाय का चोरीचा माल, लपवून ठिवायला?” संपत तिला काहीतरी म्हणाला, दार लागल्याचा आवाज आला.

अक्षता “बरं” म्हणाली. मी तिला विचारलं, अगं बरं काय म्हणालीस? भांडायचं होतंस. ती म्हणाली, “बाई, माझ्या सगळ्या जन्मात पप्पांनी मला एवढंच एक मागितलं होतं.”  मला मात्र राग आला, अजूनही येतो.

अशी ती संभाजीनगरच्या हॉस्टेलवर उतरली. घर बसनं जेमतेम दोन तासांवर, आणि घरी जायची बंदी. संभाजीनगर म्हणजे वडीगोद्रीच्या माणसांचं दुसरं अंगणच. दवाखान्याला तिथंच, कोर्टाला तिथंच, लग्नाच्या बस्त्याला तिथंच. म्हणून अक्षतानं मोठ्या दवाखान्याचा रस्ता सोडला, गुलमंडीचा बाजार सोडला, आणि कॉलेजला जाताना डोळे तेवढे उघडे ठेवून तोंडाला स्टोल गुंडाळायला लागली. ऊन-धुळीसाठी सगळ्याच पोरी गुंडाळतात, त्यामुळे कुणी विचारलं नाही. अधूनमधून मोबाइलच्या स्टेटसला कोरियातला जुना फोटो टाकायचा, हे संपतनं सांगितलेलं काम. तिकडं गावात कुणी विचारलं, पोरगी काय म्हणती, की संपत म्हणायचा, “बराबर हाय.” संध्याकाळी विचारलं तर म्हणायचा, “तिकडं आता झोपायची येळ झाली आसंल.” काट्यावर कधी एक किलो खोटं न बोललेला माणूस!

पोळ्याला हॉस्टेल रिकामं झालं. पोरी आपापल्या गावी गेल्या, मेस बंद. अक्षतानं किटलीत पाणी गरम केलं आणि उरलेलं येसर कालवलं. कोरियात ते खाताना घर जवळ आल्यासारखं व्हायचं. इथं तसं झालं नाही. “तिथं मी लांब होते म्हणून एकटी होते,” ती म्हणाली. “इथं कशामुळं होते, तेच मला कुणाला सांगता येईना.” त्या दिवशी ती भांडं तसंच ठेवून भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

मग तिला एक सवय लागली. रविवारी ती बसस्टँडवर जायची. स्टँडच्या बाहेर एक रसवंती होती, पावसाळ्यामुळं बंद, ताडपत्रीनं झाकलेली. तिच्या मागं उभी राहायची आणि बीडहून वडीगोद्रीवरून येणारी गाडी लागली की कोण उतरतं ते बघायची. कुणाशी बोलायचं नव्हतं, नुसतं बघायचं होतं. नागसेन उतरायचा, मोबाइल कानाला लावून. शेजारची बाई लेकरू कडेवर घेऊन उतरायची. लेकरानं आता चांगलं बाळसं धरलेलं दिसायचं. एकदा रखमाजी आबा काठी टेकत उतरले, डोळ्याला हिरवी पट्टी, मोतीबिंदूचं दाखवायला आले असणार. सगळे आपापल्या वाटेनं जायचे. तिच्याकडं चुकूनही कुणाची नजर जायची नाही. तिला वाटायचं, बरं झालं, आणि परत येताना रडूही यायचं.

कांताबाई मात्र गप्प बसणाऱ्यातली नव्हती. दर पंधरवड्याला ती भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात बांधून संभाजीनगरची बस धरायची. कुठं चाललीस विचारलं की सांगायची, “दवाखान्यात.” ज्या बाईला उभ्या जन्मात पडसं झालेलं कुणी पाहिलं नाही, ती महिन्यातून दोनदा दवाखान्यात! हॉस्टेलच्या फाटकाशी मायलेकी बसायच्या. कांताबाई तिला सगळं खायला लावायची, केसांतून हात फिरवायची, आणि परतीची बस चुकेल म्हणून उठायची. उठताना दर वेळी म्हणायची, “चल गं, ये माझ्यासंगं, काय व्हायचं ते होऊ दे.” अक्षता म्हणायची, “पप्पांचं काय?” मग कांताबाई रिकामा डबा पिशवीत टाकून संपतला शिव्या देत जायची.

असं दिवाळीपर्यंत चाललं असतं. पण प्रियाचं लग्न ठरलं. मुलगा इकडचा, भोकरदनचा, शाळेवर मास्तर, माझ्या ओळखीचा. त्यांना घाई होती. बौद्धांच्या लग्नाला मुहूर्त लागत नाही, रविवार लागतो. सप्टेंबरातला एक रविवार धरला. प्रियानं बापाला सरळ सांगितलं, “अक्षी नसंल तर मी हार घालायला उभीच ऱ्हाणार न्हाई.” संपतनं दोन दिवस विचार केला आणि त्याला वाट सापडली. बहिणीच्या लग्नासाठी परदेशातून माणसं येतातच की. अक्षतानं कोरियाहून यायचं. विमानानं. शुक्रवारी सकाळी मुंबईचं विमान चिकलठाण्याला उतरतं, तेव्हा तिनं बॅग घेऊन विमानतळाच्या दारात उभं राहायचं, तो घ्यायला येईल. “बॅगंला कंपनीचा जो कागद चिटकवलेला आसतो ना, तो फाडला तर न्हाईस?” त्यानं विचारलं. तिनं फाडला नव्हता.

ही बातमी गावात फिरली, तेव्हा रखमाजी आबा आपण होऊन संपतकडं आले. “पोरगी एवढ्या लांबून येती, बसनं कशाला आणायची? माझी जीप जाऊ दे. मी बी येतो.” त्यांनी हे मायेनं म्हटलं की गंमत म्हणून, मला आजही ठरवता येत नाही. संपतला नाही म्हणता येईना.

शुक्रवारी अक्षता हॉस्टेलवरून रिक्षानं विमानतळावर गेली. रिक्षावाल्यानं विचारलं, “कुठं चाललीस ताई?” ती म्हणाली, “घरी.” त्यानं आरशातून तिच्या बॅगेकडं पाहिलं. विमान उतरलं, माणसं बॅगा ओढत बाहेर यायला लागली, आणि ती खांबाच्या आडून निघून त्यांच्यात मिसळली. समोर जीप उभी. नागसेन हार घेऊन, रखमाजी आबा काठी टेकून, आणि संपत सगळ्यांच्या मागं, इस्त्रीचा शर्ट घालून.

“लई लांबून आलीस माय,” रखमाजी आबा म्हणाले. “दमली आसशील.”

तिनं हो म्हणायचं होतं, एवढंच. हॉस्टेलवरून निघताना तिनं ते मनात म्हणूनही पाहिलं होतं. पण पप्पांना तिनं जुलैनंतर आत्ताच पाहिलं होतं. गालफडं बसलेली, आणि डोळे तिच्याकडं नाहीत, आबांच्या तोंडाकडं. तिला हो म्हणवलं नाही.

“आबा, मी लांबून न्हाई आले. हॉस्टेलवरून रिक्षानं आले. ऑगस्टापासून मी हितंच हाय. कोर्सच चार आठवड्यांचा होता. पास झाले मी, चांगल्या मार्कांनी.”

संपतनं मान खाली घातली. अक्षतानं वाट पाहिली, आता कुणीतरी काहीतरी म्हणेल. पण कुणाला धक्काच बसलेला दिसेना. नागसेन हाराची फुलं सारखी करत होता. रखमाजी आबांनी चष्मा काढला, धोतराला पुसला, परत लावला.

“म्हाईत हाय माय,” ते म्हणाले.

“काय म्हाईत हाय?” संपतनं एकदम वर पाहिलं.

“समदं. कांताबाई डबा भरून दवाखान्यात जाती न रिकामा डबा घिऊन येती. गावाला येवढं बी कळत न्हाई व्हय संपत? आन ही रविवारी त्या रसवंतीमागं हुभी. समद्यांनी बघितलंय. मी तर एका डोळ्याला पट्टी आसताना बघितलं.”

“म्हणून तर आम्ही बसमधून उतरलो की तिकडं बघतच नव्हतो, ताई,” नागसेन म्हणाला. त्याला वाटलं, तिला हे ऐकून बरं वाटेल. “समद्यांचं ठरलंच होतं तसं. उगं तुला आवघड नको न काकाला बी नको.”

म्हणजे गावभर अळीमिळी गुपचिळी. ज्या गावात कुणाच्या घरी कुठली भाजी शिजली हे झाकून राहत नाही, त्या गावानं दीड महिना एक पोरगी डोळ्यांआड केली होती, आणि ती समोर उभी होती.

“तुझ्या बापाचा मान ऱ्हावा म्हणून गप बसलो,” आबा म्हणाले. “न्हाई तर चार आठवडे काय न चार वर्षं काय. आमच्या घरातलं कोण गेलंय समुद्र वलांडून?” हेच जुलैत मांडवात म्हणाले असते तर! पण आता म्हणायला काय जातं.

अक्षता एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिला रडू फुटलं. “मंग मला कुणी हाक का न्हाई मारली?” ती म्हणाली. “एखाद्या रविवारी. कुणीतरी एकानं. नुसतं ‘अक्षे’ म्हणलं आसतं तरी मी आले आसते. मी तिथं कशाला येऊन हुभी ऱ्हायचे?”

 नागसेन हार हातात धरून नुसताच उभा. बाकीचे प्रवासी वळून बघत निघून गेले.

संपत पुढं आला. तिच्या खांद्यावर ठेवायला त्यानं हात उचलला आणि अर्ध्यातच खाली घेतला.

“त्यांना कशाला इचारतीस माय,” तो म्हणाला. “कारखान्याच्या कामानं मी दोनदा आल्तो संभाजीनगरला. दोन्ही बारीला तुझ्या हॉस्टेलच्या फाटकापर्यंत आल्तो. आन कुणी बघंल म्हणून माघारी गेल्तो.”